पहिल्या जखमा तुमच्या

त्या राज्यात थंडी पडली की तरस डोंगर उतरून खाली येत असे. तो कोणाच्या बिळाशी येईल हे कोणालाच सांगता येत नसे. साध्याभोळ्यांकडे तो यायचा आणि लबाडांकडेही यायचा. काहींच्या दारावरून तो आयुष्यभर नुसता हुंगत पुढे जाई. काहींकडे एकाच हिवाळ्यात पुन्हा पुन्हा येई.

म्हणून नदीच्या दोन्ही काठांवर कुंपणे होती. ती बगळ्यांची होती. लांबून ती करवंदीच्या जाळीसारखी काळी आणि दाट दिसत. त्यांच्या आत गेलेल्याला तरस शिवू शकत नसे, हे खरे होते; त्याबद्दल कधी कोणी तक्रार केली नव्हती. मात्र आत शिरण्याचा हक्क आधी विकत घेऊन ठेवावा लागे. त्या हक्काला आसरा म्हणत, आणि त्याचे मोल अंगावरच्या वस्तूंत द्यावे लागे. खवले मांजराने खवले द्यायचे, हरणाने शिंगे, खेकड्याने नांगी, साळूने काटे. ज्याच्याजवळ स्वतःला राखण्यासाठी जे असेल ते. बगळे या वस्तू चोचीत धरून घेऊन जात. पुढे त्यांचे काय होते, हे बाजाराच्या गर्दीत विचारायचे राहून जाई.

आसऱ्याचा बाजार वर्षातून एकदाच, पानगळीत भरायचा. माळावरच्या पिंपळाचे शेवटचे पान पडले की तो उठायचा आणि मग वर्षभर कोणालाही नवा आसरा मिळत नसे. सवलत एकच होती: घरात कोणी जन्मले किंवा घरातले कोणी गेले, तर मध्येच एक फट उघडायची.

सोनकी नावाच्या साळूचे बीळ अलीकडच्या काठावर होते. बिळात ती, तिचा नवरा काशा आणि पावसाळ्याच्या अखेरीस झालेली त्यांची मुलगी ठिपकी असे तिघे राहत. साळूचे पिल्लू मऊ काटे घेऊनच जन्मते, आणि बाहेरचा वारा लागला की ते काटे लवकरच कडक होतात. ठिपकीचे झाले नव्हते. तिच्या पाठीवर हात फिरवावा तर ओल्या गवतावरून फिरवल्यासारखे वाटे. आपले काटे वाजत नाहीत याचे तिला फार वाईट वाटायचे. ती आईच्या शेपटीजवळ बसून आईचे काटे हलवून बघायची आणि दात शिवशिवले की त्यांतला एक ठरावीक काटा चावायची. त्या काट्याच्या मधोमध तिच्या दातांची गोल खूण पडली होती.

साळूंमध्ये दाराला पाठ देण्याची रीत आहे. थंडी पडली की घरातला कर्ता बिळाच्या तोंडाशी पाठ बाहेर करून बसतो आणि काटे फुलवतो. तोंड काट्यांनी बुजून जाते. काशा लग्न झाल्यापासून दर हिवाळ्यात असा बसत आला होता, आणि त्याच्या मते एवढे पुरे होते.

"माझी पाठ आहे ना दाराला," तो म्हणाला. "आजवर तिथं बसून काय गवत उपटत होतो का मी?"

"गिरजीच्या नवऱ्याचीही पाठ होती," सोनकी म्हणाली.

गिरजी ही सोनकीची बहीण. मागच्या हिवाळ्यात तिचा नवरा असाच दाराशी बसला होता आणि तरसाने वरच्या अंगाने माती उकरली. आत अंधारात गिरजीचे काय होते आहे हे त्याला ऐकू येत होते. बीळ अरुंद असल्यामुळे त्याला वळून काटे तिकडे करता आले नाहीत. सकाळी शेजारी गेले तेव्हा तो तसाच, काटे फुलवून, रिकाम्या घराकडे तोंड करून बसलेला होता.

"तिचे काटे कडक असते तर मी काही बोलले नसते," सोनकी म्हणाली. "पण अशा पोरीला घेऊन मी हिवाळ्यात नुसती बसणार नाही."

"बरं," काशा म्हणाला. "बघून तर येऊ. बघायला काय जातंय?"

बाजाराच्या वाटेवर त्यांना खवल्याबाबा भेटले. हे म्हातारे खवले मांजर दरसाल न चुकता आसरा घेत आले होते. आता त्यांच्या अंगावर मानेपाशी चारदोन खवले उरले होते. बाकी अंग सोललेल्या रताळ्यासारखे दिसत होते.

"घ्या, घ्या," ते म्हणाले. "आपण तर कधी चुकलो नाही. आणि सांगतो सोनके, एवढ्या वर्षांत एकदाही कुंपणाचं तोंड बघायची वेळ आली नाही. नशीब लागतं."

"मग इतकं दिलंत त्याचं मिळालं काय, बाबा?" काशाने विचारले.

"झोप," खवल्याबाबा म्हणाले. मग अंग आखडून घेत म्हणाले, "थंडी वाजते म्हणा मधूनमधून."

माळावर गर्दी होती. बगळ्यांनी तीन झाडांच्या फांद्या रोवून तीन पाले उभारली होती: पळसाचा आसरा, सागाचा आसरा आणि वडाचा आसरा. पण कोणत्याही पालात जाण्याआधी घोरपडीच्या खडकापाशी थांबावे लागे. ज्यांच्या अंगावर मुळातच थोडे आहे त्यांच्या वाट्यातला काही भाग राजा आपल्या भांडारातून भरत असे. याला राजाचा हात म्हणत. हा हात कोणाच्या डोक्यावर ठेवायचा हे घोरपड ठरवी.

रांगेतल्यांना समजावून सांगायला राजाने एक खार नेमली होती. ती मनाने चांगली होती आणि सारखी इकडून तिकडे पळत असल्यामुळे दमलेली होती.

"तुम्हाला हात मिळायला हरकत नाही, बाई," तिने सोनकीला एका नजरेत जोखून सांगितले. "एका बाजूचे काटे विरळच आहेत. फक्त अंग सैल ठेवा. घोरपड जे दिसतं तेच मापते. मनातलं मापायचं काम तिला दिलेलं नाही."

सोनकीची पाळी आली. घोरपड उन्हात पसरली होती. तिने डोळा हलवला नाही. नुसती जीभ बाहेर काढली. जीभ सोनकीच्या नाकासमोरून गेली, पोटाखाली वळली आणि तिथे दडून बसलेल्या ठिपकीच्या मऊ पाठीवरून सावकाश फिरली.

साळूचे काटे तिच्या मर्जीने उठत नाहीत. सोनकीच्या मानेपासून शेपटीपर्यंत काटे ताठ उभे राहिले. ती होती त्याच्या दुप्पट झाली. शेपटीचे काटे खडखडू लागले आणि रांगेतले प्राणी मागे सरकले.

"भरलेली," घोरपड म्हणाली.

"नाही हो बाई, मी घाबरले म्हणून हे–"

"घाबरलेल्यांसाठी वेगळं माप नाही. पुढचा."

रांगेतला एक ससा शेजारच्याला ऐकू जाईल असे म्हणाला, "थाट बघा. एवढी फुलून आलीय आणि राजापुढं हात पसरतीय."

खारीने धावपळ करून पुन्हा माप घेण्याची परवानगी काढली. सोनकी रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. ठिपकीला तिने काशाजवळ दिले. वाटभर ती पावसाळ्यातल्या ओल्या मातीचा, बिळातल्या अंधाराचा विचार करत राहिली आणि काटे खरोखरच खाली बसले. खडकाशी पोचेपर्यंत ती पाण्यातून काढलेल्या पिशवीसारखी मवाळ झाली होती. मग तिच्या मनात आले, आता चुकले तर ठिपकी गेली. हा विचार पुरता मनात उमटायच्या आधीच काटे उभे राहिले.

"अजूनही भरलेली," घोरपड म्हणाली.

खारीने मान खाली घातली. "मी तुम्हाला सांगितलं होतं, बाई," ती म्हणाली, आणि पुढच्या कोणाला तरी तेच सांगायला निघून गेली.

पालात बगळा एका पायावर उभा होता. त्याचा आवाज मऊ होता.

"या ताई, या दादा. पिल्लू गोड आहे हो. काटे मऊ दिसतात?"

"म्हणून तिला आसरा मिळणार नाही का?" सोनकीने विचारले.

"छे, छे. ते पूर्वी व्हायचं. आता राजाचा हुकूमच आहे, मऊ पिल्लाला नाही म्हणायचं नाही. आम्ही कोणालाच नाही म्हणत नाही, ताई."

मग त्याने एकेक आसरा समजावून सांगितला. वडाच्या आसऱ्यासाठी दोघांचे सगळे काटे लागत आणि पुढच्या वर्षी येतील तेही. सागासाठी दोघांचे सगळे. राजाचा हात असता तर साग निम्म्यात बसला असता. उरला पळस. पळसाला दोघांचे पाठीमागचे तेवढे पुरत होते: कमरेपासून शेपटीपर्यंतचे लांब काटे आणि शेपटीचे वाजणारे.

"मानेचे तुमच्याकडेच राहतात," बगळा म्हणाला. "दिसायला समोरून काही फरक नाही."

"आणि कुंपण?" काशाने विचारले.

"कुंपण तेच, दादा. पळसाला फक्त एवढंच की पहिल्या जखमा तुमच्या, पुढच्या आमच्या."

"पहिल्या म्हणजे कुठवर?"

बगळ्याने चोच पुढे केली. तिच्या मध्यावर एक काळी रेघ होती. "जखमेत चोच घालून बघतात. या रेघेपर्यंत बुडाली की पुढं सगळं आमच्याकडं."

"तरसाला ही रेघ दाखवलीय का कोणी?"

बगळा मनापासून हसला. "दादा मिश्कील आहेत," तो सोनकीला म्हणाला. "आणखी एक, नंतर गैरसमज नको. तुमच्या बिळासमोर आहे ते कुंपण सागाचं आणि वडाचं. पळसवाल्यांचं नदीपलीकडं आहे. जरा लांब पडतं, पण तिकडची हवा चांगली."

काशाने सोनकीकडे बघितले. "चल घरी," तो म्हणाला. "बघून झालं."

"मागं वळता येत नाही बिळात," सोनकी म्हणाली.

एवढेच. काशाने थोडा वेळ माळावरच्या पिंपळाकडे बघितले. फांद्यांवर बोटांवर मोजण्याइतकी पाने उरली होती. मग तो बगळ्याकडे पाठ करून उभा राहिला.

काटे उपटताना बगळे घाई करत नसत. एक जण धरी, एक जण काढी. सोनकीने डोळे मिटून घेतले होते. ठिपकीच्या दातांची खूण असलेला काटा निघाला तेव्हा तो कोणता हे तिला न बघता कळले.

हिवाळा लागला. काशा रीतीप्रमाणे दाराला पाठ देऊन बसू लागला. पूर्वी त्याच्या आडोशाने बीळ उबदार असे. आता त्याच्या उघड्या पाठीला चाटून वारा सरळ आत येई.

"पाठ दुखते का हो?" सोनकी विचारायची.

"दुखत नाही. गार पडते," तो सांगायचा. कधी म्हणायचा, "आसरा आहे ना आपला. मग मी इथं बसतो कशाला तेच समजत नाही." तरी उठायचा नाही.

आणि सोनकीला झोप लागू लागली, हेही खरे होते. नदीपलीकडची काळी रेषा ती रोज बिळाच्या तोंडातून, काशाच्या अंगावरून बघून घ्यायची. गिरजीची आठवण आली तरी आता ती दचकून उठत नसे. खवल्याबाबा म्हणाले होते ते तिला पटले होते.

तरस आला तो दाट धुक्याच्या सकाळी.

काशाला आधी वास आला. त्याने अंग फुगवले. मानेचे काटे बिळाच्या आत, अंधारात, सोनकीच्या तोंडासमोर उभे राहिले. बाहेरच्या बाजूला कातडी नुसती थरथरली.

"वरच्या भोकानं निघ," तो म्हणाला.

"तुम्ही पण–"

"मी हललो तर दार उघडं पडेल. निघ."

सोनकीने ठिपकीला पुढे ढकलून वर काढले. त्या दोघी धुक्यात बाहेर पडतात तोच तरस वळसा घालून वर आला आणि त्याने ठिपकीची मागची मांडी एकदा तोंडात धरली. एकदाच. मग बहुधा त्याला खालच्या दारात बसलेले मोठे आणि सोपे भक्ष्य आठवले. तो मांडी सोडून परत गेला. काशाने आवाज केला नाही. बाकीचे आवाज सोनकीने धावताना ऐकले.

बिळासमोरचे कुंपण जवळ होते. तिथल्या पहारेकऱ्याने धुक्यातून मान बाहेर काढली. "ताई, हे सागाचं," तो म्हणाला, आणि मान आत घेतली.

मग नदी. उथळ जागीही पाणी छातीइतके होते. सोनकीने ठिपकीला डोक्यावर घेतले, मानेच्या काट्यांमध्ये बसवले आणि ती पाण्यात शिरली. ठिपकीच्या मांडीतून ऊन रक्त तिच्या कानावरून ओघळत होते. ते ऊन लागत होते तोवर तिला बरे वाटत होते. पलीकडे पोचल्यावर तिने ठिपकीला खाली ठेवले. पिल्लू लटलटा कापत होते. आणि त्या कापण्यातून बारीक आवाज आला, वाळलेल्या शेंगेतल्या दाण्यांसारखा.

"आई," ठिपकी म्हणाली, "वाजले माझे."

सोनकीने तिच्या पाठीवर हात ठेवला. काटे टोचले. गार पाण्याने म्हणा, वाऱ्याने म्हणा, नाहीतर त्या सकाळी जे झाले त्याने, ते कडक झाले होते. सोनकी हसली. नंतर तिला स्वतःचेच नवल वाटले असते, पण त्या क्षणी ती हसली.

पळसाच्या कुंपणाच्या दारात बगळा एका पायावर उभा होता. त्याने दुसरा पाय खाली टेकवला, ठिपकीच्या मांडीशी वाकला आणि जखमेत चोच घातली. ठिपकी किंचाळली. त्याने चोच बाहेर काढून उजेडात धरली. रक्त काळ्या रेघेच्या जरा खालीच थांबले होते.

"थोडक्यात राहिलं, ताई," तो म्हणाला.

"तिला चालता येत नाहीये."

"दिसतंय ना. पण ही अजून तुमचीच जखम आहे."

"तो मागावर येईल. मग होईल रेघेपर्यंत. मग घ्याल आत?"

"त्यात नाही म्हणायचा प्रश्नच नाही," बगळा म्हणाला. मग त्याने आवाज आणखी मऊ केला. "घरात कोणी गेलं का हो?"

सोनकीने त्याच्याकडे बघितले. "हिचा बाप गेला. आत्ताच."

"अरेरे. वाईट झालं. भला माणूस, मिश्कील होता म्हणतात." बगळ्याने मान झुकवून घटकाभर शोक केला. "पण मग फट उघडली की तुमची. आता मध्येच वडाचा आसरा घेता येईल. वडाला पहिल्या जखमा वगैरे काही नाही. सगळं आमच्याकडं. काय देता?"

सोनकीने मान वाकवली. तिचे मानेचे काटे त्याने घेतले. ते पुरत नव्हते. तेवढ्यात ठिपकीला पुन्हा कापरे भरले आणि ती वाजली.

बगळ्याची मान आवाजाच्या दिशेला वळली.

"हे कडक झालेत की," तो म्हणाला.

ठिपकीने आईकडे बघितले. पलीकडच्या काठावर धुके विरळ होत होते आणि बिळाच्या बाजूने काहीतरी हळूहळू पाण्याकडे येत होते. त्याला घाई नव्हती. सोनकीने ठिपकीचे तोंड आपल्या छातीत दाबून धरले आणि मान हलवली.

काटे लहान होते, लवकर निघाले.

"झालं," बगळा म्हणाला. "वडाचा आसरा तुमचा. पुढच्या चंद्रापासून लागू."

"आज का नाही?"

"आज घेतला ना, ताई. आज घेतला की पुढच्या चंद्रापासून. तसा नियमच आहे. सगळ्यांना सारखा."

तो आत गेला आणि दार लागले. दाराच्या फटीतून सोनकीला आतले दिसले: रुंद मैदान, कोणी न तुडवलेले हिरवे गवत, आणि धुक्यात जागोजाग एकेका पायावर झोपलेले पांढरे बगळे.

तरस पाण्याच्या काठाशी येऊन थांबला होता. सोनकीने साळूंच्या रीतीप्रमाणे ठिपकीला पोटाखाली घेतले आणि त्याच्याकडे पाठ केली. त्यामुळे तिचे तोंड कुंपणाकडे आले. इतक्या जवळून तिने ते कधी बघितले नव्हते. त्यात करवंदीची एकही फांदी नव्हती. खवल्यांवर खवले रचले होते, त्यांत शिंगे अडकवली होती, मध्ये नांग्या होत्या, आणि सगळ्या भेगांमधून काळेपांढरे काटे, सगळे बाहेरच्या बाजूला टोके करून. तिच्या डोळ्यासमोरच्या काट्यावर मधोमध बारीक दातांची गोल खूण होती. वरच्या एका भेगेतून बगळ्याची चोच बाहेर आली, तिने त्या काट्याशेजारी एक लहान ओला काटा खोचला, टोक बाहेर करून, आणि ती परत गेली.

वारा सुटला. सगळे कुंपण एकदम खडखडले. पाण्यात पाय घातलेला तरस तो ओळखीचा आवाज ऐकून थबकला आणि त्याने पाय मागे घेतला. सोनकीने होती नव्हती तेवढी कातडी फुगवली. तो कान टवकारून बराच वेळ ऐकत राहिला. मग त्याच्या लक्षात आले की आवाज तिच्या पाठीतून येत नाहीये, आणि त्याने पाय पुन्हा पाण्यात घातला.